भीक नको, हिशेब द्या

सरकारी तिजोरीतला पैसा मलबार हिलच्या बाजूला गेला की त्याचं नाव विकास. तोच पैसा चुकून आमच्या वस्तीकडे वळला की त्याचं नाव अनुदान, सवलत, मदत, खिरापत. पैसा तोच, तिजोरी तीच. नाव मात्र वस्ती बघून ठेवतात. आणि आपण? आपणही फाटक्या अर्जावर सही करून साहेबापुढे उभे राहतो : साहेब, आमच्या समाजासाठी कायतरी करा.

मित्रांनो, हे 'कायतरी करा' आधी बंद करा.

नाक्यावर उभा राहणारा बिगारी इन्कम टॅक्स भरत नसेल. पण तो साबणाची वडी घेतो, प्लास्टिकची चप्पल घेतो, मोबाइलचा रिचार्ज मारतो, आणि प्रत्येक वेळी सरकार त्याच्या खिशात हात घालतं. टीव्हीवर बसून 'आम्ही करदाते' म्हणत छाती पुढे काढणारा सुखवस्तू माणूस आणि हा बिगारी, दोघंही त्याच तिजोरीचे मालक आहेत. मालकानं हिशेब मागायचा असतो. मालक भीक मागायला लागला की मुनीम शेठ होतो. आज तेच झालंय.

आमच्या चळवळीला ही गोष्ट नवी नाही. महाडचं पाणी सगळ्यांना आठवतं, त्यामागचा पैशाचा मुद्दा कोणी सांगत नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असल्या पाहिजेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव फायलीत, तळं सवर्णांच्या ताब्यात! १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला : ज्या स्थानिक संस्था हे मानणार नाहीत त्यांची सरकारी ग्रँट रोखा. मग मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले. विरोधक कोर्टात गेले आणि १९३७ साली हायकोर्टात हरले. जिथे सार्वजनिक पैसा, तिथे आमचा हक्क : महाडच्या लढ्याचं हे एक कलम आहे. आपण पुतळ्याला हार घातले आणि कलम विसरलो.

याच बाबासाहेबांनी ३० मे १९४९ रोजी घटना समितीत सांगितलं होतं की, सरकारी खर्च तपासणारा महालेखापाल हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. पंतप्रधान, राज्यपाल, कलेक्टर यांच्यावरही नजर ठेवणारा तो हिशेबनीस. अर्थशास्त्रात हाडं झिजवलेला माणूस होता तो. त्याला ठाऊक होतं की हक्क कागदावर लिहून देतात आणि तिजोरीच्या दारात मारतात.

आता तीन दारं बघू.

पहिलं दार बसचं. मुंबईत बाई पहाटे पाचला गोवंडीहून निघते, चार घरची भांडी घासते, दुपारी परत येते. तिचं वाहन म्हणजे बेस्ट. २०१९ साली बसचं किमान भाडं पाच रुपये झालं, माणसं परत बसकडे वळली. मे २०२५ मध्ये तेच भाडं दहा रुपये झालं. एकदम दुप्पट! आणि हे ठरवलं कोणी? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईला नगरसेवकच नव्हते. प्रशासक सही करत होता. नगरसेवक काय धुतल्या तांदळाचे असतात असं नाही, पण निदान त्यांच्या दारात जाऊन बोंबलता येतं. प्रशासकाचं दार कुठे असतं?

त्याच महापालिकेनं २०२५-२६ साठी ७४,४२७ कोटींचं बजेट मांडलं. त्यात बेस्टच्या वाट्याला एक हजार कोटी. आणि समुद्रात भराव टाकून मरीन ड्राइव्ह ते वरळी जो कोस्टल रोड केला, त्याचा खर्च चौदा हजार कोटींच्या घरात. जेमतेम साडेदहा किलोमीटर. टोल नाही, आणि दुचाकीला, रिक्षाला बंदी! म्हणजे मोटारवाल्याला सार्वजनिक पैशातून फुकट रस्ता, आणि बसवालीला दुप्पट तिकीट. बेस्टला दिलेल्या पैशाला 'तोटा भरून काढणं' म्हणतात. कोस्टल रोडच्या तोट्याबद्दल कोणी बोललंय कधी? त्याला म्हणतात पायाभूत सुविधा. पाया त्यांचा, सुविधा त्यांची.

एके काळी बेस्टच्या स्वतःच्या चार हजारांवर बस होत्या. २०२५ पर्यंत त्या हजाराच्याही खाली आल्या. बाकीच्या कंत्राटाच्या. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात अशीच एक बस गर्दीत घुसली, माणसं चिरडली. बसवर नाव बेस्टचं, गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा. पैसा आपला आणि जबाबदारी कोणाचीच नाही, याचंच नाव कंत्राट.

दुसरं दार कलेचं. वृद्ध कलावंतांना मानधन द्यायची योजना महाराष्ट्रात १९५४-५५ पासून आहे. चांगली गोष्ट. पण ही योजना वर्षानुवर्षं चालली कशी? कलावंतांचे तीन वर्ग : अ, ब आणि क. राष्ट्रीय पातळीवरचा तो अ, राज्य पातळीवरचा ब, जिल्ह्यातला क. २०२४ पूर्वी अ ला महिना ३,१५०, ब ला २,७००, क ला २,२५० रुपये. बघा, म्हातारपणाच्या भाकरीलाही उतरंड! आता सांगा, गावोगाव जलसा करत फिरणारा, पेटी-ढोलकीवर बाबासाहेब घरोघर पोचवणारा शाहीर राष्ट्रीय कधी होणार? राष्ट्रीय होण्यासाठी दिल्लीला बोलावणं लागतं, पुरस्कार लागतो, पेपरातली कात्रणं लागतात. भिंतीवर पावसाचं पाणी झिरपणाऱ्या खोपटात कात्रणं टिकत नाहीत. २०२४ साली सरकारनं सगळ्यांना सरसकट पाच हजार केले. वर्ग गेले, बरं झालं. पण सत्तर वर्षं ही उतरंड कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही, हे विसरायचं नाही.

अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले, तिथेच लिहिलं. त्यांचं नाव १९८५ साली सरकारनं महामंडळाला दिलं. मातंग आणि तत्सम जातींतल्या पोरांना धंद्यासाठी भांडवल मिळावं म्हणून. २०१५ मध्ये त्याच महामंडळात तीनशे कोटींच्या वर घोटाळा झाल्याचा आरोप झाला आणि तेव्हाचे आमदार असलेले माजी अध्यक्ष अटकेत गेले. खटल्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. आमचा सवाल कोर्टापलीकडचा आहे. तीनशे कोटी एका रात्रीत जात नाहीत. फायलीवर सह्या लागतात, बँक लागते, ऑडिट लागतं, मंत्रालयातलं खातं लागतं. एवढे डोळे उघडे असताना पैसा गेलाच कसा? ज्या पोराला रिक्षासाठी लाखभर कर्ज हवं होतं त्याच्याकडून दोन जामीनदार आणि सात दाखले मागतात. कोटींना दाखला लागत नाही.

तिसरं दार दानधर्माचं. मोठमोठ्या धर्मादाय रुग्णालयांना कोणी जमीन नाममात्र भाड्यानं दिली, कर माफ केले, वाढीव बांधकाम दिलं. हे सगळं सार्वजनिक पैसाच की! त्याच्या बदल्यात कायदा सांगतो : दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट, दहा टक्के दुर्बलांना सवलतीत, आणि बिलाच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत. २००६ सालापासून हायकोर्टानं मंजूर केलेली योजना आहे ही. आता जाऊन बघा. संगमरवरी काउंटरवर पोरगी विचारते, डिपॉझिट? तुम्ही म्हणता, योजना. ती म्हणते, खाट शिल्लक नाही. २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर बाईकडे दहा लाख मागितल्याचा आरोप नातेवाइकांनी केला, बाई गेली, तेव्हा कुठे सरकारला डिपॉझिटची आठवण झाली. मेल्याशिवाय हिशेब तपासायचाच नाही, अशी इथली रीत आहे. दाता म्हणून पाटी शेठजीच्या नावाची लागते. जमीन देणाऱ्या जनतेची पाटी कुठल्याच दवाखान्यावर नाही.

ही तीन दारं सगळ्या गोरगरिबांची. चौथं दार खास आपलं. १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली. तत्त्व सरळ होतं : लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींसाठी पैसा वेगळा काढा, तो दुसरीकडे वळवू नका, वाया जाऊ देऊ नका. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत आपण ११.८ टक्के. मग काय झालं? दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी या योजनेचे सहाशे कोटींच्या वर रुपये वळवले. गृहमंत्र्यांना राज्यसभेत कबूल करावं लागलं. आमच्या पोरांच्या वसतिगृहाच्या पैशावर कोणीतरी पळण्याची शर्यत जिंकलं! महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडक्या बहिणीकडे गेले. खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर तक्रार केली. मंत्र्याला तक्रार करावी लागते तिथे वसतिगृहातल्या पोरानं कोणाकडे जायचं?

इथे सावध राहा. बहिणींच्या दीड हजारांवर आमचा राग नाही. त्या आमच्याच आया-बहिणी आहेत, त्यांना मिळतात ते थोडेच आहेत. सरकार म्हणतं, दलित बाईलाही मिळतात ना, मग पैसा दलितांवरच खर्च झाला. हीच ती हातचलाखी. जे सगळ्यांना द्यायचं ते सगळ्यांच्या पैशातून द्या. आईच्या ताटात वाढायला पोराच्या ताटातलं उचलायचं आणि वर म्हणायचं, घरातच राहिलं ना? शिष्यवृत्तीची वाट बघत मेसचं बिल थकवणाऱ्या पोराला हे विचारा.

आंध्रानं २०१३ साली, त्याच वर्षी कर्नाटकानं, २०१७ मध्ये तेलंगणानं या निधीसाठी कायदे केले. फुले-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही त्या महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांनी असा कायदा करायला इतकी वर्षं घालवली. पण कायदा झाला म्हणजे झालं, अशाही भ्रमात राहू नका. कर्नाटकात कायदा असून २०२३ मध्ये या निधीतले अकरा हजार कोटींच्या वर हमी योजनांकडे वळवले. त्यात बायकांच्या मोफत बसचीही योजना होती. कायद्यावर डोळा ठेवणारी माणसं नसली की कायदा तळ्याच्या ठरावासारखा फायलीत झोपतो.

आणि आता घरातलं बोलू, कारण ते बोलल्याशिवाय या पानाला तोंड नाही. आपले पुढारी या चारही दारांत काय करत होते? काही महामंडळाच्या रांगेत होते. काही कमिट्यांवर होते. बाकीचे आपापल्या गटाचं लेटरहेड छापत होते. खुर्ची मिळाली की हिशेबाची भाषा विसरायची, खुर्ची गेली की पुन्हा अन्याय आठवायचा. आणि आपण तरी? चौदा एप्रिलची वर्गणी गोळा होते, डीजे लागतो, बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा होतो. जमा किती, खर्च किती, मंडळाच्या फळ्यावर कोण लिहितं? ज्याला आपल्या मंडळाचा हिशेब मागायची लाज वाटते तो मंत्रालयाला काय विचारणार! म्हणून आमच्यापासून सुरुवात : या अंकाच्या कागदाचा, छपाईचा, टपालाचा खर्च आणि आलेली वर्गणी शेवटच्या पानावर छापली आहे. चूक दिसली तर धरा.

आमचं मागणं मोजकं आहे. अनुसूचित जाती निधीचा कायदा करा, त्यात पैसा वळवणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा ठेवा. बसचं भाडं वाढवण्याआधी प्रवाशांची उघड सुनावणी घ्या. धर्मादाय रुग्णालयाच्या दारात रोजच्या रोज राखीव खाटांची संख्या फळ्यावर लिहा. महामंडळांचं ऑडिट दर वर्षी विधानसभेत मांडा, दहा वर्षांनी घोटाळा फुटल्यावर नको.

आणि तुम्ही? माहिती अधिकाराच्या अर्जाची फी दहा रुपये. बेस्टचं तिकीटही दहाच रुपये. वाचणाऱ्या प्रत्येकानं एक अर्ज करा. तुमच्या वॉर्डात, तुमच्या तालुक्यात घटक योजनेचे किती आले, कुठे गेले. तुमच्या जवळच्या धर्मादाय दवाखान्यात गेल्या वर्षी किती निर्धन तपासले. तीस दिवसांत उत्तर द्यायला सरकार बांधलेलं आहे. नाही दिलं तर अपील करा. उत्तर आलं तर आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू. उत्तर आलंच नाही तर तेही छापू.

महाडला २०२७ मध्ये शंभर वर्षं. त्या दिवशी तळ्यावर हार घेऊन गर्दी होईल, पुढारी हेलिकॉप्टरनं येतील. आपण हातात कागद घेऊन जाऊ.

जय भीम.