टूसॉनहून माउंट लेमनला
अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये जूनचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा माउंट लेमनचा बेत जरूर आखावा. मात्र घड्याळ आणि पेट्रोलची टाकी बघून आखावा. शहराची उंची सुमारे ७३० मीटर, शिखराची २,७९१. टाकी खालीच भरून घ्या, कारण डोंगरावर पेट्रोलपंप नाही. पाण्याच्या बाटल्यांसोबत स्वेटरही घ्या. वर हवा दहा-पंधरा अंशांनी गार असते. कॅटलिना हायवेच्या पायथ्याशी उंच सग्वारो निवडुंग दिसतात, मग ओक, मग पाइन आणि माथ्याजवळ फर. इतकी वेगवेगळी झाडी एका सकाळी बघायची, तर काचा खाली करून सावकाश जावं. विंडी पॉइंटला सगळेच थांबतात. तुम्ही त्याआधी गॉर्डन हिराबायाशींचं नाव दिलेल्या जागीही थांबा. १९३३ ते १९५० या काळात हा घाटरस्ता कैद्यांच्या श्रमातून झाला आणि त्यांची छावणी इथे होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांवर लादलेली संचारबंदी हिराबायाशींनी मोडली, म्हणून त्यांना इथे शिक्षा भोगावी लागली. पुढे १९८७ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, तेव्हा पहाटेच निघा, वेळेत परतीला लागा आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. गारव्याचा आनंद मनसोक्त घ्या. पण ज्यांच्या सक्तीच्या घामातून ही वाट झाली, त्यांची हकिकत सोबतच्या मुलांना याच रस्त्यावर सांगा. सहलीच्या आखणीत तेवढा वेळ राखून ठेवलाच पाहिजे.