विश्लेषण : अक्षरओळखीआधी भावनांची ओळख? अंगणवाडीच्या नव्या अभ्यासक्रमात काय आणि अडचण कुठे?

बालवाडीचे पहिले काही दिवस म्हणजे दारात रडणारी मुले, पदर न सोडणारे हात आणि ‘शहाणी मुले रडत नाहीत’ हे ठरलेले वाक्य. केंद्राच्या ‘आधारशिला’ अभ्यासक्रमाने मात्र याच दिवसांसाठी वर्षातले पहिले चार आठवडे राखून ठेवले आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या सामाजिक-भावनिक विकासाला एवढे महत्त्व का, आणि एका सेविकेच्या भरवशावर ते साधणार कसे?

‘आधारशिला’ काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ मानला. त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. भाषा आणि गणिताच्या बरोबरीने स्वतःच्या व इतरांच्या भावना समजणे, त्या सांभाळणे हेही त्यात शिक्षणाचे उद्दिष्ट आहे. मे २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडीत दररोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण, हे त्याचे आश्वासन. मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ जाहीर झाला. ४८ आठवड्यांच्या या आखणीत पहिले चार आठवडे मुलाला घरातून केंद्रात रुळू देण्यासाठी, नंतरचे ३६ खेळ, गप्पा, निर्मिती आणि शोधासाठी, तर शेवटचे आठ थोड्या अवघड कृती व सरावपत्रांसाठी आहेत.

सामाजिक-भावनिक विकास म्हणजे नेमके काय?

आपल्याला राग आलाय की भीती वाटतेय हे ओळखणे, ते शब्दांत सांगणे, थोडे थांबता येणे, दुसऱ्याचे रडू लक्षात येणे. मोठ्यांना सोप्या वाटणाऱ्या या गोष्टी मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून असतात आणि तो भाग तिशीच्या उंबरठ्यापर्यंत घडत असतो. त्यामुळे तीन वर्षांचे मूल ‘गप्प बस’ म्हटल्याने शांत होत नाही. आधी मोठे माणूस शांत असावे लागते. ‘खेळणे हवे होते ना? मिळाले नाही म्हणून राग आला,’ असे कुणी वारंवार म्हटले की मुलाला त्या अवस्थेचे नाव मिळते. हळूहळू ढकलण्याऐवजी ते बोलू लागते.

वयाचा टप्पाही पाहावा लागतो. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच नोंदवले होते की, लहान मुले आधी शेजारी-शेजारी पण आपापली खेळतात. एकमेकांत मिसळून, नियम ठरवून खेळणे नंतर येते. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाने खेळणे वाटून न घेणे हा आगाऊपणा नसतो.

याचा उपयोग होतो, याला पुरावा काय?

सर्वाधिक उल्लेख होतो तो अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या पेरी प्रीस्कूल प्रयोगाचा. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले होती. बालवाडीत गेलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सुरुवातीला वाढला, पण काही वर्षांत ही आघाडी विरली. तरीही चाळिशीत त्यांच्यात नोकरीचे प्रमाण अधिक आणि अटकेचे कमी आढळले. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणानुसार, या फरकाचा मोठा वाटा वर्तनातील आणि स्वभावातील बदलांचा होता.

मात्र ही संख्या लहान होती आणि प्रयोग एकाच गावातला. शिवाय तिथे साधारण सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक होता, आणि शिक्षक दर आठवड्याला घरी जात. पेरीचे निष्कर्ष सांगताना ही अट अनेकदा गळून पडते.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

नाही. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मुलाला भीती न दाखवता, स्वातंत्र्य देऊन शिकवणे हा त्यांचा आग्रह होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डीत, पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम केले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथलीच. परक्या खोलीत बुजणारे मूल ओळखीच्या अंगणात मोकळे होते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

मग अडचण कुठे आहे?

वेळेत आणि माणसांत. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षण ही सहा सेवांपैकी एक आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरोदर व स्तनदा मातांचे मार्गदर्शन ही कामेही सेविकेचीच. त्यात पोषण ट्रॅकर ॲपवरील नोंदी आणि घरपोच आहारासाठी चेहरा जुळवणी. वजन, उंची, वाटप यांचा आकडा वर जातो. रडणाऱ्या मुलाजवळ बसलेल्या वीस मिनिटांचा रकाना कुठेच नसतो. जे मोजले जाते तेच आधी केले जाते.

दुसरा मुद्दा दर्जाचा. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. अंगणवाडीत शिक्षणाचे काम चालते, हेही न्यायालयाने त्यात नोंदवले. तरी त्या आजही ‘मानधनी’ आहेत. मानधनवाढ आणि निवृत्तिवेतनासारख्या मागण्यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर सुरू झालेला संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. अभ्यासक्रमासाठीचे प्रशिक्षण मात्र अवघ्या तीन दिवसांचे आहे.

खासगी बालवाड्यांचे काय?

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटाला लागू होतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्यघटनेचे कलम ४५ राज्याला ‘प्रयत्न’ करायला सांगते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ ही तरतूद ऐच्छिक ठेवते. त्यामुळे नर्सरी-केजी वर्षानुवर्षे जवळपास नियमांविना वाढल्या. राज्याने २०२५ मध्ये त्यांना पोर्टलवर माहिती नोंदवण्यास सांगितले, पण नोंदणी म्हणजे दर्जाची हमी नव्हे. इथे दबाव उलट दिशेचा असतो. तीन वर्षांच्या मुलाच्या वहीत ओळीने ‘ए’ गिरवलेला दिसला की फी वसूल झाल्याचे समाधान पालकांना मिळते.

पालकांनी काय पाहावे?

प्रवेश घेताना फळा आणि खेळणी सगळेच पाहतात. त्याऐवजी काही साधे प्रश्न विचारता येतात. एका ताईकडे किती मुले? सुरुवातीच्या दिवसांत पालकाला थोडा वेळ बसू देतात का? मूल रडले, चावले, कपड्यात शू केली तर नेमके काय करतात? मोकळ्या खेळाला रोज किती वेळ? घरी मात्र ‘आज काय शिकवले?’ याआधी ‘आज कुणाबरोबर खेळलास?’ हा प्रश्न यायला हवा.

धोरणाच्या पातळीवर कसोटी वेगळी आहे. केंद्रात दुसरे प्रशिक्षित माणूस आणि ॲपच्या कामातून सुटलेले दोन तास मिळाले, तर ‘आधारशिला’चे पहिले चार आठवडे खरे ठरतील. नाहीतर पुस्तिका कपाटात राहील आणि दारातले मूल ‘शहाणी मुले रडत नाहीत’ हेच ऐकत राहील.