पोटातला गोळा

पेर मेर्टेसाकर. जर्मनीचा साडेसहा फुटी बचावपटू. देशासाठी १०४ सामने, २०१४चा विश्वचषक. मार्च २०१८मध्ये, निवृत्तीच्या तोंडावर, त्याने 'डेर श्पीगल'ला सांगून टाकलं की सामन्याआधी आपल्याला मळमळायचं. २००६ला उपांत्य फेरीत इटलीकडून हरल्यावर वाईट वाटलंच, पण एकदाचे सुटलो असंही वाटलं.

झालं! लोथार माथेउससारख्या दिग्गजाने शंका काढली, की हा आता आर्सेनलच्या अकादमीत पोरांना काय शिकवणार?

अहो, हेच तर शिकवणार! स्ट्रायकरच्या दहा हुकलेल्या संधी एका गोलाने धुऊन निघतात. बचावपटूची एक चूक थेट जाळ्यात जाते. 'एवढे पैसे मिळतात की', म्हणे. पैशाने पोटातला गोळा विरघळतो का?

न बोलण्याची किंमत मेर्टेसाकरने जवळून पाहिली होती. हानोवरचा त्याचा जुना सहकारी, गोलरक्षक रॉबर्ट एन्के, नैराश्य लपवत खेळत राहिला. नोव्हेंबर २००९मध्ये त्याने आत्महत्या केली.

मला विचाराल तर, मळमळत असतानाही जवळजवळ पंधरा वर्षं मैदानात उतरणारा माणूस शूरच. आणि ते चारचौघांत कबूल करणारा त्याहून शूर.