मेंढीचे कोष्ठ आणि आपली कृमिघ्न पुडी

पावसाळा मध्यावर आला की गंगाखेड परिसरातील मेंढपाळ बांधव पशुवैद्यकीय दवाखान्याआधी औषधाच्या दुकानाची पायरी चढतात. ‘कोकराच्या जबड्याखाली सूज आली आहे, जंताचे औषध द्या,’ एवढीच त्यांची मागणी असते. दुकानदार अल्बेंडाझोलची बाटली देतो; आपल्यापैकी एखादा वैद्य विडंग व पलाशबीजाची पुडी बांधतो. मात्रा मात्र दोघेही अंदाजाने सांगतात. पूर्वी मीही सांगितली आहे. ती चूक होती, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

मानवाचे कोष्ठ व मेंढीचे कोष्ठ यांत मूलभूत भेद आहे. मेंढीचे पोट चार कप्प्यांचे असते. तोंडावाटे दिलेले अल्बेंडाझोल प्रथम कोठीपोटात पडते, चाऱ्याच्या कणांना चिकटते आणि तेथून थोडे थोडे पुढे सरकते. चौथ्या, आम्लयुक्त कप्प्यात ते विरघळते. शोषणानंतर यकृतात त्याचे सल्फॉक्साइड हे क्रियाशील रूप तयार होते व रक्तावाटे पुन्हा पचनमार्गात उतरते. रक्त शोषणारा हिमोंकस कृमी त्या चौथ्या कप्प्यातच वास करतो. कृमी औषधाच्या सान्निध्यात किती काळ राहतो, यावर गुण अवलंबून असतो. म्हणून कोठीपोट हे औषधाचे कोठारच होय.

औषध जिभेच्या मुळाशी न सोडता तोंडात पुढेच ओतले, तर अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटून ते कोठीपोट टाळून थेट पुढे जाऊ शकते. मग ते लवकर शोषले जाऊन लवकर बाहेर पडते व कृमी बचावतो. कमी मात्रेचेही तेच. बचावलेल्या कृमींचीच प्रजा कुरणात वाढते. या वर्गातील थायाबेंडाझोल १९६१ मध्ये वापरात आले आणि १९६४ मध्येच हिमोंकसने त्याला दाद न दिल्याची नोंद झाली.

आपल्या वनौषधी यातून सुटतात असे कोणी मानू नये. कोठीपोटातील असंख्य सूक्ष्मजीव विडंगाचे काय करतात, हे माणसाच्या अनुभवावरून सांगता येत नाही. पूर्वाचार्यांनी अश्वांसाठी शालिहोत्र व गजांसाठी पालकाप्य अशी स्वतंत्र परंपरा निर्माण केली. मानवी मात्रेला वजनाने गुणून ते थांबले नाहीत.

मेंढपाळ गरीब आहे, त्याला रिकाम्या हाती कसे पाठवावे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकाचा अधिकार आहे. आपण लेंड्यांची तपासणी करून घेण्यास सांगावे, मेंढी गाभण आहे का हे विचारावे (गर्भारपणाच्या आरंभी अल्बेंडाझोल वर्ज्य आहे) आणि त्यास पशुवैद्यकाकडे पाठवावे. मात्रा कळपातील सर्वांत वजनदार मेंढीवरून ठरवावी, हेही त्यास समजावून द्यावे. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. वनौषधींची परीक्षा तेथील तज्ज्ञांसोबत व्हावी.

चरकाचार्यांनी कृमिचिकित्सेत अपकर्षण व प्रकृतिविघात यांबरोबर निदानपरिवर्जनही सांगितले. ओल्या, दाट चरलेल्या कुरणातून कळप हलविणे, हे त्याचेच आजचे रूप होय. एवढा सल्ला आपण निःशंकपणे देऊ शकतो. मात्रेचा अंदाज मात्र यापुढे आपल्या दुकानातून व चिकित्सालयातून जाऊ नये, ही सर्व वैद्यबंधूंस व औषधविक्रेत्यांस नम्र विनंती.