मूळ आणि रंग : एका विशेषणाचा अनुवाद

कोशातील पहिला प्रतिशब्द म्हणजेच समतुल्य शब्द, हा समज अनुवादविचारात अद्याप टिकून आहे. इंग्रजीतील ‘इन्ग्रेन्ड’ या विशेषणासाठी स्पॅनिशमध्ये ‘अर्राइगादो’ हा शब्द ज्या निःशंकपणे योजला जातो, तो या समजाचाच परिपाक होय. पूर्वग्रहासारख्या खोलवर गेलेल्या वृत्तींना दोन्ही विशेषणे लागतात, एवढ्यावर समाधान मानले जाते. खोली दोहोंत आहे. तिचे स्वरूप मात्र एक नाही.

‘अर्राइगादो’ हा शब्द झाडाच्या मुळावरून आलेला, म्हणजे ‘रुजलेला’. ‘इन्ग्रेन्ड’ रंगाऱ्यांच्या व्यवसायातून आलेला आहे. भूमध्यसागरी प्रदेशात ओकच्या एका जातीवर राहणाऱ्या किड्यांपासून तांबडा रंग काढला जाई. वाळलेले किडे दाण्यांसारखे दिसत, म्हणून त्या रंगाला ‘दाणा’ हेच नाव पडले. त्या पक्क्या रंगात बुडवलेले, धाग्यात भिनलेले ते ‘इन्ग्रेन्ड’. हा इतिहास स्पॅनिशला परका नाही. तिच्यातील ‘ग्राना’ हा शब्द त्याच दाण्याचा. मेक्सिकोतील कोचिनील किड्याच्या रंगालाही तिने तेच नाव दिले. स्पॅनिश ‘कार्मेसी’ आणि मराठी ‘किरमिजी’ हे तर दोन्ही अरबी ‘किर्मिझ’चेच वंशज.

रूपक बदलले की वृत्तीविषयीची धारणाही बदलते. मूळ आपोआप वाढते. रंग कोणीतरी चढवावा लागतो. मूळ आणि माती वेगळी राहतात; रंग आणि धागा राहत नाहीत. वर्णद्वेष ‘रुजलेला’ म्हटला की तो कोणी भिनवला हा प्रश्न मागे पडतो; शिवाय तो उपटला की समाजाची माती निर्मळच उरेल, असा दिलासाही मिळतो. इंग्रजी विशेषण हा दिलासा देत नाही.

आजच्या इंग्रजी वाचकाला रंगाऱ्याची कढई दिसत नाही. मग मृत रूपकाचे ओझे अनुवादकाने का वाहावे, असा आक्षेप घेतला जाईल. प्रतिमा मेली असेल, पण तिने घडवलेला अर्थ जिवंत आहे. कातडीत वा फरशीत बसलेल्या मळालाही इंग्रजी हेच विशेषण लावते. तेथे स्पॅनिश अनुवादक ‘अर्राइगादो’ वापरत नाही, ‘इन्क्रुस्तादो’ म्हणतो. मळ रुजत नाही हे त्याला कळते. पूर्वग्रहापाशी येताच हे भान का सुटावे?

‘अर्राइगादो’ त्याज्य ठरवण्याचे कारण नाही. परंपरेची खोली सांगायची तेथे तो यथार्थच आहे. केवळ जुनेपण अभिप्रेत असेल तेथे ‘इनव्हेतेरादो’ चालेल. घर, शाळा, शासन यांनी वृत्ती बिंबवल्याचे संहिता सुचवत असेल, तर मात्र ‘इन्कुल्कादो’ हवा. टाचेने दाबून बसवणे हा त्याचा लॅटिन मूलार्थ तेथे उपयोगी पडतो. ही निवड वाक्यागणिक करावी लागते. ती टाळणारा अनुवाद वृत्तीची खोली सांगतो आणि तिच्या कर्त्याला वाक्याबाहेर ठेवतो.