शिकाऊ परवान्याचे तीस दिवस

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या नागपुरांतील पुष्कळ घरांत एकच वाद उभा राहतो. शिकवणीचा वर्ग लांब, बस वेळेवर मिळेलच असें नाहीं, आणि ऊन तर डोक्यावर आग ओतीत असतें. आजोबा म्हणतात, “नातवाला एक स्कूटर घेऊन द्या.” आजी म्हणते, “पोर अजून लहान आहे.” वडील दोघांचेंही ऐकून घेतात आणि शेवटीं स्कूटर दारांत येते. परवान्याचा प्रश्न कोणी काढलाच, तर “एवढ्या जवळ जावयास कोण विचारतो?” हें उत्तर तयार असतें. या उत्तराविषयींच या महिन्यांत वाचकांशीं चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कायदा पाहूं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें वाहन चालविण्यास वयाचीं 18 वर्षें पुरीं व्हावीं लागतात. सोळा वर्षांच्या मुलास सवलत आहे खरी. पण ती गिअर नसलेल्या व 50 सी.सी.पर्यंतच्या गाडीपुरती, आणि तीही पालकांच्या लेखी संमतीनें. एके काळीं घरोघर दिसणारी लुना या मापांत बसे. आज रस्त्यावर धांवणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर 100 सी.सी.च्या पुढच्या आहेत. म्हणजे जी सवलत आपण गृहीत धरतों, ती दारांतल्या गाडीस लागूच पडत नाहीं.

2019 सालीं या कायद्यांत मोठी दुरुस्ती झाली. ती संसदेंत मांडणारे मंत्री श्री. नितीन गडकरी हे नागपूरचेच खासदार. या दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या गुन्ह्यासाठीं पालक किंवा गाडीचा मालक दोषी ठरतो. 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं, अशी ही तरतूद आहे. मुलानें आपल्या नकळत गाडी नेली, हें शाबीत करण्याचा भारही वडीलधाऱ्यांवरच आहे.

परंतु दंडाच्या धाकानें गाडी चालवितां येत नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. तरुणपणीं एका दलालाच्या हातीं पैसे ठेवून आम्हीं परवाना मिळविला. परीक्षा अशी झालीच नाहीं. पुढें थोड्याच दिवसांत एका वळणावर वाळू पसरलेली पाहून आम्ही घाबरलों आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक निसटलें. आम्हांस खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. पाठीमागें बसलेल्या धाकट्या बहिणीचा हात मात्र मनगटांत मोडला. तिनें आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं. आजही पावसाळी हवेंत ती तें मनगट चोळूं लागली कीं आमची मान खालीं जाते.

म्हणून गेल्या वर्षीं आमच्या सूनबाईंनीं स्कूटर शिकण्याचें मनावर घेतलें, तेव्हां सारें रीतसर करावयाचें असें घरांत ठरलें. शिकाऊ परवाना आतां घरबसल्या मिळूं शकतो. आधार क्रमांकाच्या साहाय्यानें संगणकावर अर्ज करावा आणि नियम व रस्त्यावरील खुणा यांविषयींच्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं. शेंकडा साठ बरोबर आलीं कीं काम झालें. हा परवाना सहा महिने चालतो, परंतु पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवस लोटल्यावांचून देतां येत नाहीं. नागपुरांत शहर, पूर्व व ग्रामीण अशीं तीन परिवहन कार्यालयें आहेत; गाडीच्या पाटीवरील 31, 49 व 40 हे आकडे त्यांचेच.

हे तीस दिवस बहुतेक घरांत नुसते वाट पाहण्यांत जातात. वास्तविक ते शिकण्यासाठीं आहेत. मोटार शिकविणाऱ्या शाळा पुष्कळ; दुचाकी मात्र बहुधा घरचाच कोणी शिकवितो, आणि त्याचें शिकविणें म्हणजे गल्लीच्या टोंकापर्यंत मागें धांवून “आलें, आलें!” म्हणणें. आम्हीं पुढें-मागें पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ अक्षर लावून रोज पहांटे मोकळें मैदान गांठलें. पहिला आठवडा गाडी ढकलणें, उभी करणें आणि थांबविणें यांतच गेला. दुसऱ्या आठवड्यांत अगदीं सावकाश चालविण्याचा सराव केला. वेग असला कीं गाडी तोल सांभाळून घेते. वेग नसतां तो आपणांस सांभाळावा लागतो. परीक्षेंत आठाच्या आकड्यावरून गाडी फिरवावयास लावतात, त्याचें मर्म हेंच. तिसऱ्या आठवड्यांत ब्रेक शिकविला. थांबतांना सारा भार पुढच्या चाकावर येतो; म्हणून गाडी सरळ असतां दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाबावे, आणि वळणावर शिरण्यापूर्वींच वेग उतरवावा. हें आम्हांस कोणी आधीं सांगितलें असतें, तर एक मनगट शाबूत राहिलें असतें. चौथ्या आठवड्यांत हाताच्या खुणा, आरसे आणि शेवटीं सीताबर्डीची गर्दी.

एक गोष्ट भगिनीवर्गास मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे उन्हासाठीं तोंडाला ओढणी गुंडाळण्याची रीत चांगली आहे. परंतु ओढणीनें डोकें वांचत नाहीं. शिरस्त्राण वर हवेंच, त्याचा पट्टा आवळलेला हवा, आणि मागें बसणाऱ्यासही तें हवें.

परीक्षेच्या दिवशीं आठाच्या आकड्यावर सूनबाईंचा पाय जमिनीस लागला आणि त्या नापास झाल्या. सात दिवसांनीं पुन्हां परीक्षा देतां येते. त्याच सायंकाळीं शेजारच्या एका गृहस्थांनीं दलालाचें नांव सुचविलें. सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “पाय मैदानांत टेकला, तेंच बरें झालें. चौकांत टेकला असता तर?” दुसऱ्या दिवशीं पहांटे त्या पुन्हां मैदानावर हजर होत्या. पुढच्या खेपेस त्या उत्तीर्ण झाल्या.

आतां घरांतील मुलगा त्यांच्याकडे स्कूटर मागतो. त्याला सोळावें लागलें आहे. सूनबाईंनीं त्यास सायकलची किल्ली दिली आहे, आणि अठरावें लागेल त्या दिवसापासूनच्या तीस पहांटा आपण त्याला देऊं, असा शब्दही दिला आहे.