गुडघा बदलला, पण खुरपायला कधी बसता येईल? ऑपरेशननंतरच्या कामाचं गणित समजून घ्या

'डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत कामाला लागाल.'

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेल्या कोणत्याही घरात हे वाक्य ऐकायला मिळतं. घरचे त्या वाक्यावरच पुढचं सगळं ठरवतात. पेरणीला माणूस उभा राहील का, मुलाच्या लग्नाची तारीख कधी धरायची, हातउसने घेतलेले पैसे कधी फिटतील, सगळं काही.

पण यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. डॉक्टर ज्याला 'काम' म्हणतात आणि पेशंट ज्याला 'काम' म्हणतो, ते एकच असतं का?

नांदेड जिल्ह्यातलं मुदखेड घ्या. तालुक्याचं गाव, रेल्वेचं जंक्शन. इथून एक रूळ नांदेडकडे, एक निझामाबादकडे आणि एक आदिलाबादकडे जातो. आसपास सोयाबीन, कापूस, हळद, केळी. इथला कुणी शाळेत शिकवतो, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, कुणी रुळांवर काम करतो, तर कुणी दिवसभर उकिडवं बसून खुरपतं. या चौघांचाही गुडघा बदलला, तरी चौघांचं 'कामाला लागणं' वेगवेगळं असणार आहे.

ऑपरेशनमध्ये नेमकं होतं काय?

नाव 'गुडघा बदलणं' असलं तरी अख्खा गुडघा काढून नवा बसवत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, यांचा झिजलेला थर कापून काढतात. त्या जागी धातूचे भाग बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये खास प्रकारच्या प्लॅस्टिकची गादी. काही वेळा वाटीच्या आतल्या बाजूलाही तसाच तुकडा लावतात.

या ऑपरेशनचा मुख्य उद्देश दुखणं कमी करणं आणि चालणं सुधारणं हा आहे. ते काम ते चांगलं करतं. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, बसवलेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. रात्री दुखण्यानं झोप न लागणारी माणसं काही महिन्यांत बाजारात चालत जाऊन येतात, ते याचमुळे.

अडचण सुरू होते ती गुडघा किती वाकतो, इथे.

सगळा खेळ अंशांचा

सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साधारण ६५ अंश वाकला तरी पुरतं. जिने चढ-उतार करायला आणि खुर्चीतून उठायला ९० ते १०५ अंश लागतात. उकिडवं बसायला मात्र १३० अंशांच्या पुढे जावं लागतं.

बदललेला गुडघा बहुतेकांचा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. आधीच आखडलेला असेल तर त्याहून कमी.

म्हणजे चालणं, जिना, खुर्ची, स्कूटर यांचा प्रश्न सहसा सुटतो. खुरपणी, चुलीसमोर बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, पंगतीत मांडी घालणं, नमाज पढणं हे मात्र अवघड जातं. काही जणांना जमतंही. पण खोल वाकल्यावर आतल्या प्लॅस्टिकच्या गादीच्या कडेवर भार येतो, म्हणून रोज, तासन् तास तसं बसू नका, असं बहुतेक डॉक्टर सांगतात.

आपल्याकडे जमिनीलगत होणारी कामं भरपूर आहेत. त्यामुळे 'महिन्याभरात चालायला लागाल' हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही खुरपणाऱ्या माणसाला त्यातून अर्धीच माहिती मिळते.

वाजपेयींच्या गुडघ्यांची गोष्ट

हे ऑपरेशन महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालं, त्यात एका पेशंटचा मोठा वाटा आहे. ते म्हणजे तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी.

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. न्यूयॉर्कचे सर्जन डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी आले होते. दुसऱ्या ऑपरेशननंतर सव्वा महिन्याच्या आसपास, जुलै २००१ च्या मध्यात, वाजपेयी आग्र्यात पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांच्याशी शिखर परिषदेत बोलत होते. वय होतं ७६.

ऑपरेशन करा आणि महिना-दीड महिन्यात देश चालवा, असं चित्र लोकांच्या मनात यातून बसलं असेल तर नवल नाही. पण पंतप्रधानांचं काम खुर्चीतलं होतं. गाडी दारात, माणसं हाताशी आणि व्यायाम करून घेणारे तज्ज्ञ सोबत. तोच गुडघा घेऊन कापसाच्या रानात उभं राहायचं असतं, तर तारीख नक्कीच वेगळी असती.

कोणत्या कामाला किती दिवस?

प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, त्यामुळे पक्की तारीख कुणीच देऊ शकत नाही. पण साधारण अंदाज असा:

• ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात आणि चालवतात.
• टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात.
• बसून करायचं काम, म्हणजे ऑफिस, गल्ला, शिवणयंत्र: सहा ते आठ आठवडे.
• उभ्याचं आणि चालण्याचं काम, म्हणजे शिकवणं, किराणा दुकान, हॉटेल: तीन महिन्यांच्या आसपास.
• ओझी उचलणं, चढणं, खणणं: तीन ते सहा महिने. काहींना हे काम पूर्वीसारखं पुन्हा जमत नाही.
• सूज आणि ताठरपणा पूर्ण कमी व्हायला वर्षही लागू शकतं.

हा अंदाज एका गुडघ्याचा आहे. दोन्ही गुडघे एकदम बदलले तर वेळ वाढू शकतो.

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोकरदार पेशंट सरासरी नऊ आठवड्यांत कामावर परतलेले दिसले. ज्यांना परतण्याची निकड वाटत होती, ते इतरांच्या जवळपास निम्म्या वेळात परतले. म्हणजे मनाच्या तयारीला महत्त्व आहेच. कामाच्या जागी वावरायला सोयीचं असेल तर परतणं लवकर होतं, हेही त्यात दिसलं. मुदखेडच्या शिवारात मनाची तयारी भरपूर सापडेल. जागा सोयीची करून द्यायला मात्र तिथे कुणी मालक नाही.

पेशंट नाराज का होतात?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १,७०० हून अधिक पेशंटचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातले १९ टक्के, म्हणजे पाचातला एक जण, ऑपरेशननंतर समाधानी नव्हता. त्यामागचं सगळ्यात मोठं कारण होतं अपेक्षा पूर्ण न होणं. अशा पेशंटमध्ये नाराजीचा धोका दहापटीहून जास्त होता.

म्हणजे गुडघा तांत्रिकदृष्ट्या उत्तम बसला असला, एक्स-रे छान आला असला, तरी माणूस नाराज असू शकतो. कारण त्यानं ऑपरेशनला होकार देताना डोळ्यांसमोर जे चित्र ठेवलं होतं, ते हे नव्हतं.

'जास्त वाकणारा गुडघा' घ्यावा का?

इथे एक महागडा मोह समोर येतो. 'हाय-फ्लेक्स' नावाचे इम्प्लांट जास्त वाकतात, असं सांगितलं जातं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर साध्या इम्प्लांटच्या तुलनेत प्रत्यक्ष वाकण्यात जाणवण्याइतका फरक दिसत नाही. ऑपरेशनआधी तुमचा गुडघा किती वाकत होता आणि नंतर व्यायाम किती नेटानं केला, यावर जास्त अवलंबून असतं.

किमतींवर सरकारचं नियंत्रण आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानं गुडघ्याच्या इम्प्लांटना कमाल किंमत लावली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमसाठी ५४,७२० रुपये आणि हाय-फ्लेक्ससाठी ५६,४९० रुपये, वर जीएसटी, असे दर ठरले. नंतर त्यात थोडेफार बदल झाले. म्हणून बिलात इम्प्लांटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा.

ऑपरेशनचे पैसे मिळतील, मजुरीचं काय?

राज्याच्या आरोग्य योजनेचा नांदेडशी जुना संबंध आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आता ती आयुष्मान भारतसोबत चालते आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये गुडघा प्रत्यारोपण आहे. ते जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळेल, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावं.

पण या योजना रुग्णालयाचं बिल भरतात. घरी बसलेल्या महिन्यांची मजुरी कुणी देत नाही.

एक साधा हिशेब करू. दिवसाची मजुरी ३०० रुपये आणि महिन्याला २० दिवस काम धरलं, तर तीन महिन्यांत १८ हजार बुडतात, सहा महिन्यांत ३६ हजार. सोबत घरातलं आणखी एक माणूस पहिले काही आठवडे थांबलं, तर त्याचीही मजुरी गेली. ऑपरेशन फुकट झालं तरी घरावर कर्ज चढू शकतं, ते असं.

संघटित क्षेत्रात चित्र वेगळं आहे. ज्यांचं ईएसआय कापलं जातं, त्यांना अटी पूर्ण केल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कामावरून काढता येत नाही. तेच काम जमत नसेल तर तितक्याच पगाराच्या दुसऱ्या जागी नेमावं लागतं. रुळांवर काम करणाऱ्याला गरज पडली तर हा आधार आहे. त्याच रुळांशेजारच्या रानात खुरपणाऱ्या मजुराला यातलं काहीच लागू नाही.

घरकामाला 'काम' कोण म्हणतं?

गुडघ्याची झीज बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळते. तरीही 'कामावर कधी जाणार?' हा प्रश्न बहुतेक पुरुष पेशंटलाच विचारला जातो. बाई 'घरीच असते', असं समजून विषय संपतो.

प्रत्यक्षात खाली बसण्याची सगळ्यात जास्त कामं तिच्याच वाट्याला असतात. भाकरी थापणं, धुणं, सारवणं आणि वर रोजानं खुरपणं. तिला रजाही नाही आणि परतायची तारीखही नाही. रुग्णालयातून घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ती चुलीपुढे दिसते, कारण कुणी दुसरं उभंच राहिलेलं नसतं. गॅस ओट्यावर घेणं, कमोड किंवा कमोडची खुर्ची आणणं, धुणं-पाणी दुसऱ्यानं उचलणं, ही तयारी ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी.

तारीख ठरवण्याआधी एवढं करा

• तुमच्या कामाचं नाव सांगू नका, कामात काय काय करता ते सांगा. 'शेती करतो' याऐवजी 'रोज पाच तास उकिडवं बसतो, ५० किलोचं पोतं उचलतो' असं म्हणा.
• डॉक्टरांना थेट विचारा: यातलं काय परत जमेल, काय नाही आणि काय जमलं तरी टाळायचं?
• हंगाम बघा. खरिपाची काढणी उरकून डिसेंबरात ऑपरेशन केलं, तर मृगाच्या पेरणीपर्यंत जवळपास सहा महिने मिळतात. एप्रिल-मेमध्ये केलं तर पेरणी अंगावर येते.
• व्यायाम कोण शिकवणार आणि त्यासाठी नांदेडला किती फेऱ्या होतील, ते आधी ठरवा.
• खुरपणं जमणार नसेल तर दुसरं कोणतं काम धरता येईल, याचा विचार घरात बसून करा. उभ्यानं चालवायचं हातकोळपं, बसायला उंच स्टूल, निवडणं-टिपणं टेबलावर घेणं, असे पर्याय असतात.

डॉक्टरांचं 'तीन महिने' चुकीचं नसतं. ते गुडघ्याचं उत्तर असतं. कामाचं उत्तर मिळवायला त्यांना आपलं काम आधी नीट सांगावं लागतं, आणि तो प्रश्न ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारायचा असतो.